बारा खेळाडू आणि एक नकार : रिओ दि जानेरो, १९२४

१/
७ एप्रिल १९२४ रोजी रिओ दि जानेरोतील एका क्लबच्या अध्यक्षांनी शहरातील नव्या फुटबॉल संघटनेला एक छोटेसे पत्र धाडले. क्लबने आपले बारा खेळाडू वगळावेत, अशी संघटनेची मागणी होती. आदल्याच वर्षी याच खेळाडूंच्या बळावर क्लबने शहराचे विजेतेपद पटकावले होते. अध्यक्षांनी कळवले, की या अटीवर आम्हांला आपल्या संघटनेत यायचे नाही.
खेळाडूची क्लबवरील निष्ठा हा फुटबॉलमध्ये नित्य चर्चेचा विषय असतो. क्लबची खेळाडूवरील निष्ठा मात्र क्वचितच कसोटीला लागते. ती लागली तेव्हा काय घडले, याचा हा धागा.

२/
क्लबचे नाव वास्को द गामा. हे नाव ऐकताच गोव्यातील आणि कोकणातील वाचकांना मुरगाव बंदराशेजारचे शहर आठवेल, आणि गोव्याच्या फुटबॉलमधला त्याच नावाचा क्लबही. नाव एकाच दर्यावर्द्याचे. १४९८ साली त्याची गलबते कालिकतला लागली. त्या घटनेला चारशे वर्षे होत असताना, २१ ऑगस्ट १८९८ रोजी, रिओतील पोर्तुगीज स्थलांतरितांनी हा क्लब स्थापन केला, तो होड्यांच्या शर्यतींसाठी. साम्राज्याच्या आरंभाचे प्रतीक मानल्या गेलेल्या माणसाचे नाव धारण करणारा क्लब पुढे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बाजूने उभा राहिला, हा इतिहासातील एक चमत्कारिक योग आहे.

३/
पार्श्वभूमी समजून घेऊ. ब्राझीलने गुलामगिरी कायद्याने संपवली ती १३ मे १८८८ रोजी, अमेरिका खंडांतील सर्व देशांच्या शेवटी. अवघ्या सहा वर्षांनी, १८९४ मध्ये, चार्ल्स मिलर हा तरुण इंग्लंडमधील शिक्षण आटोपून साओ पाउलोला परतला, तो फुटबॉल आणि खेळाचे नियम घेऊन. रिओमध्ये ऑस्कर कॉक्स याने १९०२ साली फ्लुमिनेन्से क्लब स्थापला. म्हणजे ज्या पिढीने फुटबॉल खेळायला सुरुवात केली, तिच्यातील एका मुलाचे वडील मळ्याचे मालक असू शकत होते आणि दुसऱ्याचे वडील त्याच मळ्यावरचे माजी गुलाम.

४/
आरंभीचा रिओतील फुटबॉल हा सुखवस्तू गोऱ्या कुटुंबांचा छंद होता. सामन्याला पुरुष हॅट घालून येत, आरोळ्या इंग्रजीत उठत, खेळाडू वकिली वा वैद्यकीचे विद्यार्थी असत. या जगाचा परवलीचा शब्द होता ‘हौशी’. खेळाडूने पैशासाठी खेळू नये, हे तत्त्व ऐकायला उदात्त वाटते. पण ज्याचे पोट हातावर आहे त्याने सरावासाठी वेळ आणायचा कुठून, हा प्रश्न त्या तत्त्वात नाही. ‘हौशी’ या शब्दाने दाराला कडी लागत होती, आणि ती कुणासाठी लागली हे मोठ्याने सांगावे लागत नव्हते.

५/
कधीकधी मात्र ते मोठ्यानेही सांगितले गेले. रिओच्या वेशीवर बांगू येथे एक कापडगिरणी होती. तिथल्या ब्रिटिश कर्मचाऱ्यांनी १९०४ साली क्लब काढला. अकरा गडी जमवायचे तर गिरणीतले कामगार घेणे भागच होते. १९०५ मध्ये फ्रान्सिस्को कार्रेगाल हा कृष्णवर्णीय विणकर बांगूच्या संघात उभा राहिला. १९०७ साली शहराच्या लीगने ठरवले, की ‘वर्णीय’ व्यक्तींची हौशी खेळाडू म्हणून नोंद होणार नाही. बांगूने लीग सोडली. तेव्हा वास्कोच्या आधीही नकार दिला गेला होता, हे ध्यानात ठेवावे.

६/
लेखी बंदी टिकली नाही, तरी संकोच टिकला. कार्लोस आल्बेर्तो हा मिश्रवर्णीय खेळाडू १९१४ मध्ये अमेरिका क्लबमधून फ्लुमिनेन्सेत आला. तो चेहऱ्याला तांदळाची पावडर लावी. सामन्यात घाम आला की ती ओघळे, आणि प्रतिस्पर्धी प्रेक्षक ‘तांदळाची पावडर!’ म्हणून ओरडत, अशी कथा पत्रकार मारिओ फिल्यो यांनी सांगितली आहे. पावडर त्वचेचा रंग लपवण्यासाठी नव्हती, दाढीनंतर लावण्याची ती त्याची जुनीच सवय होती, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. कारण कोणतेही असो, ती हाक आली होती रंगावरूनच. फ्लुमिनेन्सेचे चाहते आज तीच हाक आपले बिरूद म्हणून मिरवतात आणि मैदानात पांढरी पूड उधळतात.

७/
ब्राझीलच्या फुटबॉलचा पहिला मोठा नायक आर्थर फ्रीडनराइख. वडील जर्मन वंशाचे, आई कृष्णवर्णीय. १९१९ च्या दक्षिण अमेरिकी स्पर्धेच्या निर्णायक सामन्यात, उरुग्वेविरुद्ध, जादा वेळेत त्याने केलेल्या एकमेव गोलाने ब्राझीलला पहिले विजेतेपद मिळाले. देशभर जल्लोष झाला. दोनच वर्षांनी, १९२१ मध्ये, अर्जेंटिनात जाणाऱ्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू नसावेत अशी इच्छा राष्ट्राध्यक्ष एपितासिओ पेसोआ यांनी व्यक्त केल्याचे वृत्त पसरले. लेखक लिमा बारेतो, जे स्वतः मिश्रवर्णीय होते, त्यांनी त्यावर जळजळीत उपहास लिहिला. गोल करणारे पाय हवे होते. परदेशात दिसणारा चेहरा नको होता.

८/
आता वास्कोकडे वळू. रिओतील पोर्तुगीज म्हणजे मुख्यतः किराणा दुकानदार, बेकरीवाले, गुमास्ते, हमाल. पैसा काहींकडे होता, प्रतिष्ठा फारशी नव्हती. उच्चभ्रू ब्राझिलियन त्यांच्या उच्चारांची आणि राहणीची टिंगल करीत. क्लबने १९०४ साली कांदिदो जोझे दि आराउजो या मिश्रवर्णीय गृहस्थांना अध्यक्ष निवडले होते. त्या काळी ही गोष्ट विरळाच होती. फुटबॉल विभाग सुरू झाला १९१५ मध्ये. १९१६ च्या पहिल्या सामन्यात संघ १–१० असा हरला. तिथून तो पायरी पायरीने वर चढला आणि १९२२ साली दुय्यम गटात विजेता ठरून वरच्या गटात आला.

९/
हा संघ जमला कसा? मोठ्या क्लबांनी आपल्या सभासदांच्या मुलांतून खेळाडू निवडले. वास्कोने उपनगरांतल्या मोकळ्या मैदानांवर फिरून माणसे शोधली. गोलरक्षक नेल्सन दा कोन्सेसाव टॅक्सी चालवी. सेसी भिंती रंगवण्याचे काम करी. निकोलिनो गोदीत माल उतरवी. बोलाव मालमोटार हाकी. काही कृष्णवर्णीय, काही मिश्रवर्णीय, काही गरीब गोरे. संघाचा सदरा काळा. त्यावरून पुढे त्यांना ‘काळे सदरे’ हेच नाव पडले.

१०/
रामोन प्लातेरो हा उरुग्वेचा प्रशिक्षक त्यांच्याकडून रोज धावण्याचा व्यायाम करून घेई. इतर संघांचे खेळाडू आठवड्यातून एकदोनदा सवडीने सराव करीत. साहजिकच उत्तरार्धात प्रतिस्पर्ध्यांचे पाय गळाले की वास्को सामना फिरवी. पण रोज सराव करणारा माणूस जगणार कशावर? पोर्तुगीज व्यापारी या खेळाडूंना आपल्या दुकानांत नावापुरती नोकरी देत. विजयानंतर बक्षिसीही मिळे. तिला म्हणत ‘बिशो’, म्हणजे प्राणी.

११/
हा शब्द आला एका जुगारातून. रिओत १८९२ पासून प्राण्यांच्या चित्रांवर आकडे लावण्याचा खेळ चाले. आपल्याकडच्या मटक्याचा चुलतभाऊच म्हणा. खेळाडूला पैसे देणे निषिद्ध, म्हणून जुगारात लागले असे सांगून पैसे दिले जात. लहान विजयाला लहान प्राणी, मोठ्या विजयाला गाय. ब्राझीलचे खेळाडू विजयाच्या बोनसला आजही ‘बिशो’ म्हणतात. वास्को या बाबतीत निष्पाप नव्हता, हे मान्य करायला हवे. पण खेळाडूंना आडमार्गाने काहीबाही देणारा तो एकटा क्लबही नव्हता.

१२/
१९२३ चा हंगाम. वरच्या गटातले वास्कोचे पहिलेच वर्ष. १४ सामने, ११ विजय, २ बरोबरी, १ पराभव. तो एकमेव पराभव फ्लामेंगोकडून, २–३ असा. विजेतेपद वास्कोला. टॅक्सीवाला, रंगारी आणि गोदीकामगार यांनी डॉक्टर-वकिलांच्या मुलांना त्यांच्याच अंगणात हरवले होते. प्रेक्षकांची गर्दी आता दिमाखदार आसनांपेक्षा उघड्या उभ्या जागेत अधिक दिसू लागली. हा खेळ कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांदेखत बदलत होते.

१३/
उत्तर बदलू नये म्हणून पंच बदलण्यात आले. १ मार्च १९२४ रोजी फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोताफोगो, अमेरिका आणि बांगू या पाच क्लबांनी जुनी लीग सोडून नवी संघटना स्थापली. तिचे आद्याक्षरी नाव ‘आमेआ’. अध्यक्ष आर्नाल्दो गिन्ले, शहरातील अतिधनाढ्य घराण्यातले. संस्थापक क्लबांना कारभारात विशेष अधिकार मिळाले.
बांगूचे नाव या यादीत पाहून आश्चर्य वाटेल. पण बांगूचे कामगार खेळाडू गिरणीच्या हजेरीपटावर होते. त्यांच्या उपजीविकेचा पुरावा मालकाकडेच होता. कृष्णवर्णीय खेळाडू मालकाच्या छत्राखाली चालत होता. तो स्वतःच्या बळावर विजेता ठरला की अडचण होत होती.

१४/
आमेआच्या अटी काय होत्या? खेळाडू काय काम करतो, त्याचा धनी कोण, याची चौकशी होई. समिती थेट कामाच्या ठिकाणी जाऊन धडके. खेळाडूला लिहिता-वाचता येणे आवश्यक. नोंदणीचा अर्ज त्याने स्वतः भरायचा, सही स्वतः करायची. क्लबकडे योग्य मैदान हवे. या संपूर्ण यादीत ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द नव्हता. पण ज्या देशात गुलामगिरी संपून ३६ वर्षे झाली होती आणि माजी गुलामांच्या मुलांना शाळा क्वचितच लाभली होती, तिथे ‘सही करा’ ही अट कुणावर कोसळणार, हे ठरवायला वेगळे कलम लागत नाही.

१५/
वास्कोने या अटीशी झुंज द्यायचा प्रयत्न आधीपासूनच केला होता. खेळाडूंना अक्षरे गिरवायला बसवले जाई. मारिओ फिल्यो सांगतात, की पास्कोआल या खेळाडूचे इटालियन आडनाव त्याला लिहायला अवघड जाई, म्हणून त्याच्या जागी सोपे ‘सिल्वा’ आले. चेंडूवर हुकमत असलेला तरुण दौत-टाक घेऊन घाम गाळतो आहे, हे चित्र हसू आणणारे आहे खरे. पण परीक्षक गोलांचा हिशेब न करता अक्षरांचे वळण तपासत होते, हे लक्षात आले की ते हसू टिकत नाही.

१६/
चौकशीअंती आमेआने वास्कोला कळवले, की तुमचे बारा खेळाडू आमच्या निकषांत बसत नाहीत, त्यांना वगळा. क्लबपुढे सोपा मार्ग होता. बारा जणांना निरोप द्यायचा, नवे बारा शोधायचे आणि बड्या क्लबांच्या पंक्तीत बसायचे. पोर्तुगीज व्यापाऱ्यांना त्या पंक्तीची ओढ नव्हती असे नाही; प्रतिष्ठेसाठी तर त्यांनी एवढा खटाटोप केला होता. शिवाय पंक्तीबाहेर राहण्याचा अर्थ स्पष्ट होता : छोट्या क्लबांशी सामने, रिकामी तिकीटखिडकी आणि वृत्तपत्रांत कोपऱ्यातली बातमी.

१७/
अध्यक्ष जोझे औगुस्तो प्रेस्तेस यांनी गिन्ले यांना लिहिलेले पत्र जेमतेम पानभर आहे. पाच क्लबांना दिलेल्या विशेष अधिकारांबद्दल आणि आपल्या क्लबला दिलेल्या दुय्यम स्थानाबद्दल त्यात आधी नापसंती व्यक्त केली आहे. मग बारा खेळाडूंचा विषय येतो. ज्या पद्धतीने चौकशी झाली तिच्यात खेळाडूंना बाजू मांडण्याची संधी मिळाली नाही, असा आक्षेप आहे. हे बहुतेक तरुण आहेत, त्यांची वाटचाल आता कुठे सुरू होते आहे; ज्या संस्थेने त्यांना आपले म्हटले आणि जिच्या ध्वजाखाली त्यांनी कीर्ती मिळवली, त्या संस्थेच्या हातून त्यांना डाग लावणारे कृत्य होणार नाही, असा त्यातील मुख्य आशय आहे. आणि शेवटी, आम्ही आमेआत येत नाही, हा निर्णय.

१८/
या पत्राला पुढे ‘ऐतिहासिक उत्तर’ हे नाव मिळाले. इतिहासकारांनी त्यावर प्रश्नही विचारले आहेत. पत्रात वर्णाचा उल्लेख एकदाही नाही. बारा जणांत गोरेही होते. वाद हौशीपणाचा आणि सत्तेचा होता, वर्णभेदविरोधी लढ्याची कथा नंतर रचली गेली, असा एक पक्ष आहे. आक्षेप दखल घेण्याजोगा आहे. पण अटी लिहिणाऱ्यांनीही वर्णाचा उल्लेख केला नव्हता. दोन्ही बाजूंच्या कागदांत जो शब्द नाही तोच शब्द दोन्ही बाजूंना कळत होता. गरिबी आणि वर्ण यांची गाठ इतकी घट्ट होती, की एक ओढले की दुसरे आपोआप येई. प्रेस्तेस यांना वर्णभेदाचे तत्त्वज्ञ ठरवण्याची गरज नाही. आपली माणसे काढून देण्यास त्यांनी नकार दिला, एवढे पुरेसे आहे.

१९/
पुढे काय झाले? १९२४ मध्ये वास्को जुन्या लीगमध्येच छोट्या क्लबांबरोबर खेळला आणि तिथे विजेता ठरला. आमेआची स्वतंत्र स्पर्धा झाली, पण शहराचा विजेता संघ बाहेर ठेवून भरवलेल्या स्पर्धेला काहीतरी उणे वाटणारच. वास्को म्हणजे गर्दी, गर्दी म्हणजे गल्ला. १९२५ साली वास्को आपल्या खेळाडूंसह आमेआत दाखल झाला. मने जिंकली गेली असे समजण्याचे कारण नाही. हिशेब जुळला होता.

२०/
राहिला मैदानाचा मुद्दा. तोही वास्कोने सोडला नाही. सभासदांकडून आणि चाहत्यांकडून वर्गणी गोळा करून साओ जानुआरियो हे स्टेडियम उभारले गेले. २१ एप्रिल १९२७ रोजी राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन लुईस यांच्या उपस्थितीत उद्घाटन झाले. सान्तोसविरुद्धचा पहिला सामना वास्को ३–५ असा हरला, पण देशातील सर्वांत मोठे मैदान आता बेकरीवाल्यांच्या आणि गोदीकामगारांच्या क्लबाचे होते. पुढे जेतुलिओ वार्गास यांनी १ मेच्या कामगार सभा याच मैदानात भरवल्या.

२१/
इथे धागा संपवला तर कथा गोड होईल, पण अपुरी राहील. क्लबने खेळाडूंशी निष्ठा राखली. खेळाडूंनी क्लबशी राखली का? १९३१ मध्ये वास्कोचा संघ पोर्तुगाल-स्पेनच्या दौऱ्यावर गेला. मध्यफळीतला फाउस्तो, ज्याला १९३० च्या विश्वचषकानंतर ‘काळे आश्चर्य’ म्हटले जाई, आणि गोलरक्षक जागुआरे हे दोघे संघासोबत परतले नाहीत. त्यांनी बार्सेलोनाशी करार केला. दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही गरीब घरचे. मायदेशी कृतघ्नतेचा ठपका आला.

२२/
ठपका ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट सोयीने विसरली. ब्राझीलमध्ये फुटबॉल तेव्हा कागदोपत्री हौशीच होता. स्टेडियम भरत होते, तिकिटे विकली जात होती, आणि ज्यांना पाहायला गर्दी येई त्यांच्या हाती एखादा ‘प्राणी’ पडे. आजारपणात, दुखापतीत, म्हातारपणी काय, याची तरतूद नव्हती. फाउस्तो १९३९ साली क्षयाने गेला, वयाच्या ३४ व्या वर्षी. जागुआरेचा शेवटही दारिद्र्यात झाला. ज्याच्यापाशी विकायला फक्त शरीराची काही वर्षे आहेत, त्याच्याकडे विनामूल्य निष्ठा मागणे ही फुकटात श्रम मागण्याचीच सभ्य रीत असते.

२३/
अशा स्थलांतरांच्या दबावानेच १९३३ मध्ये रिओ आणि साओ पाउलोत व्यावसायिक फुटबॉल अधिकृत झाला. त्याचा सर्वांत मोठा लाभ कृष्णवर्णीय खेळाडूंना झाला. दोमिंगोस दा गिया १९३३ मध्ये उरुग्वेत, १९३४ मध्ये वास्कोकडून रिओत आणि १९३५ मध्ये अर्जेंटिनात विजेता संघात होता. लिओनिदास दा सिल्वाही १९३४ च्या वास्को संघातला. पण नव्या व्यवस्थेत एक नवी दोरीही होती : ‘पासे’. करार संपला तरी खेळाडूच्या नोंदणीवर हक्क क्लबचाच. क्लबने सोडल्याशिवाय तो जाऊ शकत नसे. निष्ठा आता भावना उरली नाही, ती क्लबची मालमत्ता झाली. ही दोरी कापणारा कायदा झाला १९९८ मध्ये, आणि तो ओळखला जातो पेले यांच्या नावाने. त्या दशकात ते देशाचे क्रीडामंत्री होते.

२४/
वास्कोच्याच आणखी एका खेळाडूशिवाय ही कथा पूर्ण होत नाही. गोलरक्षक मोआसिर बार्बोसा. १९४५ पासून वास्कोत. १९४८ मध्ये सान्तियागोत दक्षिण अमेरिकेतील विजेत्या क्लबांची स्पर्धा झाली. निर्णायक सामन्यात त्याने रिव्हर प्लेटच्या लाब्रुनाची पेनल्टी अडवली आणि वास्को अजिंक्य ठरला. १६ जुलै १९५० रोजी माराकानावर उरुग्वेच्या घिज्जियाने ७९ व्या मिनिटाला गोल केला. ब्राझील १–२ हरला. अकरा जण हरले होते. दोष मुख्यतः तिघांवर आला : बार्बोसा, बिगोदे आणि जुव्हेनाल. तिघेही कृष्णवर्णीय.

२५/
राष्ट्राने त्याला गुन्हेगार ठरवले, तेव्हा वास्कोने त्याला गोलजाळ्यासमोरून हटवले नाही. त्याच हंगामात, जानेवारी १९५१ मध्ये, बार्बोसाच्या वास्कोने पुन्हा रिओचे विजेतेपद जिंकले, त्याच मैदानावर. तो पुढेही अनेक वर्षे खेळला. पण ‘कृष्णवर्णीय गोलरक्षक भरवशाचा नाही’ हा समज ब्राझीलमध्ये रुजला तो रुजलाच. १९९३ मध्ये राष्ट्रीय संघाच्या सरावाला भेट द्यायला गेलेल्या या वृद्ध माणसाला अपशकुन म्हणून परत पाठवण्यात आले. या देशातली सर्वांत मोठी शिक्षा ३० वर्षांची, मी मात्र अधिक काळ भोगतो आहे, असे तो म्हणे. बार्बोसाचे निधन झाले ७ एप्रिल २००० रोजी. प्रेस्तेस यांच्या पत्राला त्या दिवशी ७६ वर्षे झाली होती.

२६/
आजच्या काळाशी याचा संबंध काय? २१ मे २०२३ रोजी व्हॅलेन्सियाच्या मेस्ताया मैदानावर रेआल माद्रिदच्या विनिसियस ज्युनियरला प्रेक्षकांनी माकड म्हणून हिणवले. हा खेळाडूही रिओच्या परिसरातलाच. त्याने तक्रार केली, तेव्हा स्पॅनिश लीगच्या अध्यक्षांनी त्यालाच जाहीरपणे सुनावले. नंतर त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. जून २०२४ मध्ये तिघा प्रेक्षकांना आठ महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. स्पेनच्या फुटबॉलमधील अशा प्रकारची पहिली शिक्षा म्हणून तिची नोंद झाली. १९२४ आणि २०२४. शंभर वर्षांत शिवी देणाऱ्यांपर्यंत कायदा पोहोचला, ही प्रगतीच. पण खेळाडूने तोंड उघडताच संस्थेचे पहिले बोट कुणाकडे वळते, ते पाहिले की उरलेले अंतर समजते.

२७/
फुटबॉलमधील वर्णद्वेषाचा विचार करताना आपण बहुधा प्रेक्षकांतील आरडाओरडा पाहतो. तो ऐकू येतो, म्हणून पकडताही येतो. १९२४ मधला वर्णद्वेष आवाज करीत नव्हता. तो नोंदणीच्या अर्जात होता, चौकशी समितीच्या फेरीत होता, सहीच्या रकान्यात होता. त्याला थांबवले ते एका संस्थेने, तेही किंमत मोजून.
प्रेस्तेस यांचे पत्र आज साओ जानुआरियोत अभिमानाने मिरवले जाते. पण त्या बारांपैकी बहुतेकांची नावे चाहत्यांनाही आठवत नाहीत. म्हणून चौघांची नावे तरी त्यांच्या कामासह पुन्हा लिहितो. ते १९२३ च्या त्या विजेत्या संघातले होते : टॅक्सीचालक नेल्सन, रंगारी सेसी, गोदीकामगार निकोलिनो, मालमोटार चालवणारा बोलाव.

(धागा समाप्त)